दत्तूकाकांची बंब कंपनी

दत्तूकाका पिंगळे कधीही प्रश्न विचारत नसत. किती वाजले हे हवं असेल तर ते समोरच्याला सांगत, "सात वाजले." समोरचा घड्याळ बघून म्हणे, "अहो, साडेआठ होत आले." मग "असं होय" म्हणून काका पुढे चालू लागत. भाजीवालीला त्यांनी आयुष्यात भाव विचारला नाही. "उधर फ्रीगंज में तो फुकट बाँट रहे हैं," एवढंच म्हणत, आणि ती कळवळून शेवटचा भाव सांगून टाकी.

उज्जैनला मी त्यांच्याकडे खोली बघायला गेलो तेव्हा पायरीवरच त्यांनी मला सुनावलं, "तुम्ही इंदूरचे. बाप वकील. सिगरेटी ओढता."

मी घाबरून सांगितलं की मी शाजापूरचा, वडील पोस्टात डाक वाटतात, आणि मी विडीलाही कधी हात लावलेला नाही. काका आत वळून ओरडले, "अगं, चहा टाक. मुलगा चांगला आहे."

आमच्या घराण्यात बी. ए. झालेला मी पहिलाच. काकांना याचं माझ्यापेक्षा जास्त कौतुक. ते मला नावाने हाक मारतच नसत. "ए बीए, पोहे झालेत," अशी हाक माडीवर येई. नगरपालिकेच्या नोकरीसाठी मुलाखतीला जाताना त्यांनी स्वतःचा काळा कोट काढून दिला. तो मला गुडघ्यापर्यंत येत होता. नोकरी मात्र मिळाली.

प्रश्न न विचारण्याची ही रीत नाक्यावरची. संस्थानच्या दिवसांत काका सरहद्दीच्या जकात नाक्यावर कारकून होते. "गाडीवाल्याला विचारा, गाडीत काय आहे, तर तो म्हणणार, कुछ नहीं साहब," काका मला समजावून सांगत. "पण म्हणा, इसमें अफू है! की लगेच हात जोडून सांगतो, नहीं माई-बाप, धनिया है, नीचे दो बोरी मेथी है. माणूस उत्तर द्यायला लाजतो, बीए. चूक दुरुस्त करायला लाजत नाही."

पुढे संस्थान विलीन झालं, मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं, आणि ज्या सरहद्दीवर काका जकात घेत ती सरहद्दच उरली नाही. नाका बंद. काकांना पेन्शन मिळाली आणि ते ओट्यावर येऊन बसले. रीत तेवढी सोबत आली.

त्यांच्या बोलण्यात आगीचा बंब कधी शिरला ते मला नेमकं सांगता येईल. त्या उन्हाळ्यात भैरवगढला कापड छापणाऱ्या छिप्यांच्या एका छपरीला आग लागली. छापलेलं कापड वाळत घातलेलं होतं, ते सगळं गेलं. आपल्या नगरपालिकेचा बंब तेव्हा बैलांवर चाले. बैल आगीच्या दिशेने जायला तयार होईनात. त्यांना तोंड फिरवून, उलटं चालवत नेईपर्यंत आग आपल्या आपण विझली होती. मग नवीन मोटारचा बंब घ्यायचं ठरलं. मुंबईकडच्या एका कंपनीला ऑर्डर गेली. मी जेवताना हे सांगितलं आणि कंपनीचं नाव घेतलं, तर काकांचा घास ताटातच राहिला.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर पहिली बातमी फुटली.

"पक्की खबर आहे. माझं नाव घेऊ नका. ती कंपनी एका इंग्रजाची होती. तो जाताना एका सिंधी शेठला विकून गेला."

पानवाला म्हणाला, "अच्छा?" आणि पान लावत राहिला. काका त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिले. त्यांची जराशी निराशा झाल्यासारखी वाटली.

पुढच्या आठवड्यात सिंधी शेठ गेला आणि एक महाराज आले. राज्य गेल्यावर हात रिकामे, म्हणून त्यांनी बंबाचा कारखाना घेतला, आणि आता म्हणे प्रत्येक बंबावर राजचिन्ह काढतात. त्यानंतर कारखान्याची यंत्रं बँकेकडे गहाण पडली. मग महाराज गेले आणि दोन भाऊ आले. भावांत वाटणी झाली होती.

"शिड्या थोरल्याकडे, पंप धाकट्याकडे," काका टावर चौकात, चहाच्या दुकानात सांगत होते. "आणि दोघांत बोलणं नाही."

"मग काका, आपल्याकडे काय येणार? शिडी की पंप?" कोणीतरी विचारलं.

"ते तुम्हीच सांगा," काका म्हणाले आणि आशेने सगळ्यांकडे बघत बसले.

कोणी काही सांगितलं नाही. सांगणार कसे? नाक्यावरच्या गाडीवाल्याला आपल्या गाडीत काय आहे हे ठाऊक असायचं. उज्जैनमध्ये त्या कंपनीबद्दल कोणाला काहीच ठाऊक नव्हतं. त्यामुळे काकांची चूक कोणी दुरुस्त केली नाही. सगळ्यांनी ती घरी नेली. दिवसही असे होते की काहीही खरं वाटावं. देशाचा मालक बदलला होता, राज्याचा बदलला होता, मध्यभारतही आता मोडणार आणि राजधानी भलतीकडेच जाणार, असं रोज कानावर येत होतं. त्यात एका कारखान्याचं काय एवढं!

ओट्यावरची बातमी सकाळपर्यंत आमच्या ऑफिसात पोचे. तिथे तिला बाळसं आलेलं असे. शेवटी एके दिवशी अध्यक्ष मूलचंदजींनी मला बोलावून सांगितलं, "वो दमकल का आर्डर कैंसल का कागज बना दो. कंपनी का मालिक कौन, यही पता नहीं. परसों मीटिंग में रख देंगे."

मी घरी येऊन हे सांगितलं. काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांचं लाटणं थांबलं. त्यांनी काकांकडे पाहिलं. काका भिंतीकडे बघत होते.

"झालं समाधान?" काकू म्हणाल्या. "आता बसा बोंबलत पक्की खबर, पक्की खबर म्हणून."

काका जेवले नाहीत.

सकाळी मी ऑफिसात पोचलो तर काका माझ्या आधी अध्यक्षांच्या दारात उभे. अंगात काळा कोट, डोक्यावर टोपी. मूलचंदजींनी त्यांना बसायला सांगितलं, ते बसले नाहीत.

"आर्डर कैंसल मत कीजिए," काका म्हणाले. "कंपनी ठीक है."

"ठीक है?" मूलचंदजींनी चष्मा काढला. "पिंगळे साहब, पूरा उज्जैन कह रहा है बिक गई. और पूरा उज्जैन कहता है कि आप ही ने बताया."

"वो मैंने बनाया था."

"क्या?"

"सब बनाया था. सिंधी भी, महाराज भी, दो भाई भी."

टेबलाभोवती आम्ही चार-पाच जण होतो. कोणीतरी हसलं. मूलचंदजी हसले नाहीत.

"तो सच क्या है?"

"सच मुझे नहीं मालूम," काका म्हणाले. "इतने दिन से वही तो पूछ रहा था."

कोणालाच काही कळेना. मला थोडं थोडं कळायला लागलं होतं, पण ते सगळं काकांच्याच तोंडून यायचं होतं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"मेरा लड़का है वहाँ. वसंत. फिटर है. कंपनी डूबी तो वो कहाँ जाएगा, क्या खाएगा... मुझे बस इतना जानना था कि कारखाना चल रहा है कि नहीं."

सगळ्या गल्लीला काकांनी सांगून ठेवलं होतं की त्यांचा मुलगा मुंबईला साहेबाच्या ऑफिसात आहे. मलाही तेच माहीत होतं.

"अरे, तो लड़के को चिट्ठी डालकर पूछ लेते!" मूलचंदजी म्हणाले.

"चिट्ठी नहीं है हमारे बीच," काका म्हणाले.

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मूलचंदजींनी चष्मा पुसला, घातला आणि माझ्याकडे वळून जरा जास्तच मोठ्याने म्हणाले, "क्यों बाबूजी, इतने पढ़े-लिखे हो, किसी को सूझा नहीं कि कंपनी को एक तार कर दें? जाओ, अभी करो."

तारेला उत्तर आलं. कारखाना चालू आहे, मालक पहिल्यापासून आहेत तेच आहेत, बंब तयार आहे, शिकवायला फिटर सोबत येईल. मी ते काकांना वाचून दाखवलं. काका म्हणाले, "कोणी म्हातारा फिटर पाठवतील." मी म्हटलं, "काका, नाव दिलेलं नाही." ते म्हणाले, "नाहीच देत." आणि त्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर बसलेच नाहीत.

वसंतची गोष्ट मला काकूंनी सांगितली. त्याला काकांनी नाक्यावर चिकटवायचं ठरवलं होतं. साहेबाशी बोलणंही झालं होतं. वसंत म्हणाला, मला मोटारी दुरुस्त करायला आवडतं. काका म्हणाले, पिंगळ्यांच्या घरात कोणी काळे हात घेऊन जेवायला बसलेलं नाही. तो त्या ताटावरून उठला तो गेलाच. बंबाच्या कारखान्यात फिटर झाल्याचं कोणाकडून तरी कळलं, तेवढंच. "आणि वर्षभरात यांचा नाकाच गेला," काकू म्हणाल्या. "म्हणून तर त्याच्याशी बोलणं आणखीच अवघड झालं यांना. मुलगा बरोबर निघाला ना."

बंब मुंबई-आग्रा रस्त्याने आला. लालभडक, आणि धूळ बसून गुलाबी झालेला. सोबत आलेला फिटर वसंतच होता. आईसारखं रुंद कपाळ, खाकी कपडे, हात कोपरापर्यंत काळे. तो नगरपालिकेच्या छपरीतच उतरला. मी त्याला ओळख सांगून म्हटलं, घरी चला. त्याने बोल्ट आवळता आवळता विचारलं, "अण्णांनी बोलावलंय?" अण्णा म्हणजे काका; मला खोटं बोलवेना. तो म्हणाला, "आईला सांगा, काम संपलं की येऊन जातो."

दुसऱ्या दिवशी राम घाटावर चाचणी होती. क्षिप्रेत पाइप सोडून पाणी ओढायचं आणि समोर सोडायचं. अर्धं गाव लोटलं होतं. पंड्यांनी आपापल्या छत्र्या थोड्या मागे घेतल्या होत्या, सगळ्यांनी नाही. वसंतने पाइपचं पितळी तोंड हातात धरलं आणि ओरडून सांगितलं, "पीछे एक आदमी चाहिए. अकेले से नहीं सँभलेगा, झटका लगता है."

आमच्या चपराशांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढे कोणी होईना.

गर्दीतून काका बाहेर आले. काळा कोट, धोतर, टोपी. पायऱ्या उतरून ते वसंतच्या मागे जाऊन उभे राहिले आणि पाइप दोन्ही हातांनी धरला. पाइपला ग्रीस होतं. वसंतने मागे वळून पाहिलं.

"अण्णा, पाय रोवून उभे राहा," वसंत म्हणाला. "धक्का मोठा बसतो."

"रोवलेत रे," काका म्हणाले. "तू सोड पाणी."