पाचवा गिअर

"आता यांना जे आवडेल ते करू द्या," असं डॉक्टरांनी शैलजाबाईंबद्दल सांगितलं, तेव्हा शशिकांतरावांनी घरी येऊन पहिलं काम केलं ते म्हणजे पिकअपचा गिअरबॉक्स उतरवला.

त्याला कारण होतं. शैलजाबाईंना आवडेल अशी एकच गोष्ट उरली होती. नागपूरला भाची अवंतीचं लग्न होतं. तिथं जायचं, आणि अक्षता पडायच्या आधी पोचायचं.

पिकअप त्यांच्या संसाराहून जुनी. शशिकांतरावांनी ती लष्करी मालाच्या लिलावातून घेतली होती. फॅक्टरीतून निवृत्त झाले तरी त्यांनी दुसऱ्या वाहनात पाय ठेवला नाही. तिचा पहिला गिअर तोफ ओढण्यासाठी केलेला. त्यात गाडी इतकी सावकाश चालायची, की शेजारून चालणारा माणूस गप्पा मारत येई. वरचा गिअर मात्र लवकर संपायचा. पंचेचाळीसच्या पुढं गेलं की इंजिन किंचाळायला लागायचं. त्यामुळे शैलजाबाई जन्मात एकाही लग्नाला वेळेवर पोचल्या नव्हत्या. मांडवाच्या दारात त्या विचारायच्या, "सुरू व्हायचं आहे ना अजून?" आणि कोणीतरी हात पुसत म्हणायचं, "या, या! आत्ताच पहिली पंगत उठली."

"ट्रेन से चलते हैं ना, बाबा," इथल्या हिंदी मुलखातच वाढलेला मुलगा अंकुर म्हणाला.

"तिला बसवत नाही रे. पिकअपच्या सीटवर आडवं तरी होता येते."

हे खरं होतं. पुढची सीट सलग होती, सोफ्यासारखी. शैलजाबाई आता इतक्या लहान झाल्या होत्या, की पाय जरा ओढून घेतले तर तिथं सहज मावल्या असत्या.

बळीराम हा शशिकांतरावांचा फॅक्टरीतला जुना टर्नर मित्र. नेपियर टाउनमध्ये दोन घरं सोडून राहायचा. त्यानं भंगारातून एका कारचा पाच गिअरचा गिअरबॉक्स आणला आणि खिडकीतून शैलजाबाईंना समजावून सांगितलं.

"पाचवा गिअर म्हणजे कसं वहिनी, इंजिन आराम करते अन् चाकं पळतात."

"म्हणजे आमच्या घरासारखं," शैलजाबाई म्हणाल्या.

गिअरबॉक्स इंजिनाला लागेना. भोकं जुळत नव्हती. बळीरामनं लेथवर मधली प्लेट करून आणली. प्लेट बसली तर कळलं, की नवा गिअरबॉक्स लांबीला कमी आहे आणि मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट त्याच्यापर्यंत पोचतच नाही. शाफ्ट वाढवून आणला. तोवर शैलजाबाईंचं जेवण ताटावरून वाटीवर आणि वाटीवरून चमच्यावर आलं होतं.

शाफ्ट बसला आणि गिअरचा लिव्हर सीट फाडून वर आला. जुना पुढं पायांपाशी असायचा. हा सीटच्या बरोबर मधोमध उभा राहिला. शैलजाबाईंना धरून अंगणात आणलं होतं.

"आता मी कुठं लवंडू?"

"मागं डाल्यात, माल ठेवतात तिथं, गादी घालतो. वरून ताडपत्री."

"डाल्यात आडवी मी एकदाच जाईन. आत्ता नाही."

"असं काहून बोलून राहिली?"

"गादी तुम्ही घालून राहिले, अन् मीच वाईट बोलली?"

शशिकांतरावांनी तरी गादी घातली आणि ती तशीच राहिली. लिव्हर मात्र काढला, कापला, स्वतःच्या बाजूला वाकवून वेल्ड केला. आता सीटवर माणसाचे पाय राहतील एवढी जागा झाली. संध्याकाळी ते एकटेच गाडी घेऊन शहराबाहेर चक्कर मारून आले.

"आले कधी?" शैलजाबाईंनी विचारलं. "आवाजच नाही आला. मी तर ऐकून राहिली होती."

"पाचव्यात सत्तरनं गेली. हूं नाही की चूं नाही. सकाळी निघू."

"अक्षता मिळतील?"

"मांडवाला दोऱ्या बांधून राहिले असतील तेव्हा पोचतो आपण."

शैलजाबाईंनी लग्नाला नेसायची साडी उशाशी काढून ठेवायला लावली. सकाळी त्या उठल्या नाहीत. साडी तीच नेसवली.

अंकुर शववाहिनीला फोन लावत होता. शशिकांतरावांनी त्याचा हात धरला.

"डाल्यात गादी आहे. तिनं सांगितलं होतं."

"पण तुम्ही नका चालवू, शशीभाऊ," बळीराम म्हणाला. "आज नको."

"दुसऱ्याला हे गिअर समजणार नाहीत."

चौकापर्यंत सगळ्यांनी पायी जायचं आणि तिथून ग्वारीघाटाच्या स्मशानाला ज्याच्या-त्याच्या वाहनानं, अशी गल्लीची रीत. सर्वांत पुढं विस्तवाचं मडकं धरून अंकुर, त्याच्यामागं पिकअप, तिच्यामागं माणसं. शशिकांतरावांनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि काय करून ठेवलं आहे ते त्यांना तेव्हा कळलं.

कारला तोफ ओढायची नसते. तिचा पहिला गिअर माणसाच्या चालीनं चालत नाही. पिकअप अंकुरच्या अंगावर गेली. शशिकांतरावांनी ब्रेक दाबला, ती हिसका देऊन बंद पडली आणि मागची माणसं डाल्यावर आदळली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. अंकुर आधी भराभर चालला, मग दुडक्या चालीनं निघाला, मग मडक्याचा धूर तोंडावर घेत पळू लागला.

"बाबा, धीरे! धीरे करो ना!"

"धीरे होत नाही रे! तू पळ!"

मागं "राम नाम" गाडीजवळ ऐकू येई आणि "सत्य है" दोन घरं मागून. बळीरामची एक चप्पल गटारात गेली. तेवढ्यात जळक्या क्लचचा वास आला.

"क्लच जाते! चढ आत!"

अंकुर मडक्यासकट उडी मारून आत आला. ते कुठं ठेवावं हे त्याला कळेना. लिव्हर वाकवून आईच्या पायांसाठी जी जागा केली होती, तिथं ते नेमकं बसलं.

मग शशिकांतरावांनी दुसरा टाकला, तिसरा, चौथा. ग्वारीघाटाचा रस्ता मोकळा होता. पाचवा टाकला आणि इंजिन गप्प झालं.

"मक्खन चल रही है, बाबा," अंकुर म्हणाला आणि रडू लागला.

शशिकांतरावांनी आरशात मागं बघितलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. त्यांनी वेग कमी केला नाही.

घाटावरही कोणी नव्हतं. गुरुजी नाहीत, पाहुणे नाहीत. लाकडंवाला टपरीतून बाहेर आला.

"बाकी लोग?"

"आ रहे हैं."

शशिकांतरावांनी डाल्याची फळी पाडली आणि तिथंच शैलजाबाईंच्या पायांशी बसून राहिले. बऱ्याच वेळानं ऑटो आणि स्कूटर येऊ लागल्या. सर्वांत आधी बळीराम उतरला, एका पायानं अनवाणी, घामानं ओला, आणि लंगडत धावत आला.

"देर हो गई क्या, शशीभाऊ? सुरू झालं का?"

शशिकांतराव उठले. त्यांनी साडीचा पदर सारखा केला आणि लांबच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"नाही. सुरू व्हायचं आहे अजून."