गॅरुलस नंदीश

अख्ख्या शुक्रवार पेठेत माझ्याइतकं इंग्रजी कुणाला येत नाही. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. मी फक्त लोकांना तसं म्हणायला लावतो.

माझा भाचा नंदीश. वय एकतीस, टेंभुर्णीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान, स्वतःचं घर, व्यसन काही नाही. तरी नऊ पोरींनी नकार दिलेला! नऊही वेळा मी स्वतः सोबत होतो, पण पोरगं तोंडच उघडत नाही की!

"शहाजी, दहावी बी गेली तर ह्यो असाच ऱ्हातोय बग," त्याची आई अंबुआक्का रडकुंडीला आली.

"आक्का, बायोडेटा इंग्रजीत टाकतो. रांग लागते का नाही बघ!"

सगळं झरझर लिहिलं, फक्त 'स्वभाव' या रकान्यापाशी अडलो. तिथं सगळेच 'मनमिळाऊ' लिहितात. तालुक्यातले एकूण एक भांडखोर बायोडेट्यात मनमिळाऊ! मी ठोकून दिलं, 'गॅरुलस'. कुठंतरी वाचलेला, वजनदार शब्द. डिक्शनरी बघायची गरज माझ्यासारख्याला पडत नाही.

वधू-वर ग्रुपवर टाकला आणि चार दिवसांत अकरा पोरं गॅरुलस झाली! एक घटस्फोटित तर 'व्हेरी गॅरुलस'. म्हटलं, उतरवा लेको उतरवा, अस्सल माल इथलाच हाय.

तेवढ्यात मैंदर्गीहून फोन. मुलगी सुकन्या, शाळेत इंग्रजी शिकवते. या बघायला म्हणाले. आम्ही गेलो. शेंगापोळी पुढ्यात आली, आणि मुलीनं थेट मलाच धरलं.

"मामा, गॅरुलस म्हणजे काय हो?"

"म्हणजे... घरंदाज!"

"नाही हो. बडबड्या. फालतू गोष्टीला लांबण लावणारा, समोरचा कंटाळलाय हे न कळणारा. हा शब्द कुणी स्वतःला लावून घेत नाही, शिवी दिल्यासारखाच आहे. म्हटलं, इतकं खरं लिहिणारा माणूस बघावा तरी!"

आक्कानं माझ्याकडं असं बघितलं, की हातातली पोळी मी परत ताटलीत ठेवली. दहावं स्थळ हातातून निघालं! मग सावरायला मीच सुरुवात केली. नंदीशचं बालपण, त्याची पहिली मोटार, त्यावरून आमच्या कचेरीतला पंखा, पंख्यावरून माझी बढती कुणी अडवली ते. पाऊण तास! मुलीचे वडील प्रभुअण्णा तोवर दोनदा पेंगून उठले.

शेवटी सुकन्या नंदीशकडं वळली. "तुम्ही काहीच बोलत नाही?"

नंदीश म्हणाला, "मामा थांबले की बोलणार होतो. एकतीस वर्षं झाली."

सुकन्या अशी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं! प्रभुअण्णा खडबडून जागे होत कानडीत हो-हो म्हणाले, "हौदु, हौदु!" आक्कासुद्धा हसली. सख्खी बहीण!

दोघं अंगणात जाऊन तासभर बोलत बसले. नंदीश बोलत होता! हातवारे करून! मला म्हणे तिकडं यायला मनाई.

त्याच आठवड्यात सुपारी फुटली. मुलीची अट एकच: लग्न पार पडेपर्यंत मामांनी तोंड उघडायचं नाही आणि माइकच्या आसपास फिरकायचं नाही. आक्कानं माझ्या वतीनं ताबडतोब कबूल केली. घरात कुणी ऐकून घेईना, म्हणून तुम्हाला सांगतोय... अहो, उठलात कुठं? बसा की! हळदीचं तर अजून राहिलंच!