यंत्रातले बारा सभासद

जानूशेठना बर्फाचा कारखाना हवा होता आणि बाबूला तो नको होता, कारण बंदरावर बर्फाचा ट्रक बाबूचाच यायचा. मच्छीमार सोसायटीच्या सभेला निम्मे सभासद हजर असले तरच कारखान्याचा ठराव घेता येणार होता. नाहीतर सरकारी मदत यंदाही बुडणार.

म्हणून चेअरमन जानूशेठनी नवाकोरा कॉम्प्युटर थेट सभेतच आणून मांडला. सत्याऐंशी सालच्या रत्नागिरीत ही केवढी मिजास! सोसायटीची कारकून विमल हिनं बटण दाबलं. एकूण सभासद दोनशे दहा. म्हणजे हवेत एकशे पाच, आणि सतरंजीवर माणसं एकशे एक. बाबूनं खुशाल पान लावायला घेतलं.

विमलचा चेहरा उतरला. तिनं जानूशेठच्या कानात सांगितलं, की प्रोग्राम तिनंच लिहिलाय आणि तो मेलेले सभासदही मोजतोय. नाव खोडलं की हे यंत्र नुसती खूण करून ठेवतं. कायमचं पुसायला वेगळा हुकूम द्यावा लागतो.

"मग दिला का नाहीस गो?"

"आवडाबाई म्हणाल्या, वर्षश्राद्धाआधी आमच्या केरूचं नाव पुसू नको. मग बाकीच्या विधवाही येऊन तेच सांगून गेल्या."

जानूशेठनी कपाळाला हात लावला. विमलनं प्रोग्राममध्ये एक ओळ घातली: खूण असलेले मोजू नकोस. आकडा आला एकशे अठ्ठ्याण्णव. आता नव्याण्णव पुरे होते! आनंदाच्या भरात जानूशेठनी माइकवरून जाहीर करून टाकलं, की मेलेली बारा माणसं काढली, कोरम झाला. गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं?

आवडाबाई उठल्या. "माझा घोव केरू ह्या बरफाच्या कारखान्यासाठी झिजला, आन् आज त्यालाच काढलास? चला गो." त्यांच्याबरोबर आणखी अकरा जणी उठल्या. सगळ्या स्वतःही सभासद. त्या गेल्या असत्या तर सभाच गेली असती.

जानूशेठनी घाईघाईनं विमलला खुणा काढायला लावल्या. बाया बसल्या. आकडा पुन्हा दोनशे दहा, आणि माणसं पुन्हा चार कमी. बाबूनं पान तोंडात टाकलं. जानूशेठ बिचारे रडायचेच बाकी होते.

"जानू, कमी कशी?" आवडाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "केरू त्या यंत्रात हाय ना? यंत्र सभेत हाय ना? मग तो हजरच हाय की. बाराच्या बारा हायत."

सभेनं टाळ्या पिटल्या. बाबू हरकत घ्यायला ताडकन उठला.

"बस बाबू. तुझा बापूस पण आतच हाय."

बाबूनं पडद्याकडे पाहिलं. टोपी सारखी केली, बापासमोर नको म्हणून बाहेर जाऊन पान थुंकून आला आणि ठरावाच्या बाजूनं मुकाट्यानं हात वर केला.