कुंपणावरचा यजमान

"फाटकातून जायला मी काय पाहुणा आहे?" रादिसाव गरजला. "माझं गाव, माझं कुंपण, माझा शेजारी! एका ढांगेत पलीकडे, दुसऱ्या ढांगेत बाक घेऊन अलीकडे!"

त्या दिवशी त्याच्या घरची स्लावा होती, म्हणजे कुलसंताचा सण. स्लावेचं आमंत्रण आमच्याकडे कुणालाच नसतं, आणि येतात मात्र सगळे. म्हणून शेजारच्या बोरिव्होयेकडचे बाक आणायचे होते.

"रादिसाव, ते कुंपण तुझ्याहून म्हातारं आहे," त्याची बायको मिलुंका कोबीच्या पानात खिमा गुंडाळता गुंडाळता म्हणाली.

"माझ्या बापाने घातलंय ते!"

"म्हणून तर म्हणते."

जाताना ढांग झकास पडली. येताना मात्र खांद्यावर बाक, एक पाय इकडे, एक पाय तिकडे, आणि बापाने ठोकलेली फळी मधोमध कडाड्! रादिसाव घोड्यावर बसावं तसा कुंपणावर बसला. फक्त घोडा लाकडाचा होता, आणि त्याला खोगीर नव्हतं.

डोळ्यांपुढे काजवे चमकले. तो आधी कुंपणावर चिडला, मग बापावर, मग बाकावर, आणि शेवटी मिलुंकावर, कारण तिचं खरं ठरलं होतं. ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडलो तर ती बाहेर येणार आणि म्हणणार, "मी सांगत होते!" त्यापेक्षा मरण पत्करलं!

त्यात नशिबाने साथ दिली, असं त्याला वाटलं. स्लावेला यजमानाने दिवसभर बसायचंच नसतं. पाहुणे बसतात, यजमान उभ्याने वाढतो. बसवत नव्हतंच, कुणाला कळणार?

पाहुणे आले. रादिसाव दोन्ही पाय फाकवून दारात उभा.

"बघा, बघा, कसा पहाडासारखा उभा आहे!" तिहोमिर म्हणाला. तिहोमिर त्याचा कूम. लग्नात साक्षीला उभा राहिलेला माणूस, म्हणजे सख्ख्या भावापेक्षा वरचा मान. "याला म्हणतात यजमान!"

"गप गिळ!" यजमान म्हणाला.

अशी कळ तासाभरात ओसरते, हे त्याला पोरवयातल्या फुटबॉलपासून ठाऊक होतं. इथे तास गेला, सूप गेलं, कोबीचे गुंडाळे गेले, कळ जागची हलेना. उलट सूज चढली. विजार शिवताना शिंप्याने ज्याचा विचारच केला नव्हता, अशी सूज! भाजलेल्या डुकराचं ताट समोरून गेलं, तर त्याला मळमळलं. भल्या माणसाने तिथेच डॉक्टर गाठला असता. पण पाहुणे टाकून यजमान जाणार कसा? आणि सांगणार काय?

"थोडा बर्फ आहे का गं?" त्याने हळूच विचारलं.

"बर्फ? या थंडीत?" मिलुंका ओरडली. सगळ्या बायका वळल्या. "गारठा धरेल तुला! अगं, ती खिडकी लावा आधी! वाऱ्याची झुळूक लागलीये याला!"

आमच्याकडे काहीही दुखलं तरी झुळुकीनेच दुखतं. खिडक्या लागल्या, दारं लागली, रादिसावला घाम फुटला. मग त्याने स्वतःच शीतकपाट उघडलं आणि हाताला लागली ती गोठलेली पिशवी विजारीत सारली. आहाहा! क्षणभर स्वर्ग!

तेवढ्यात तिहोमिर राकियाचा, म्हणजे फळांच्या दारूचा, पेला उंचावून उभा राहिला. त्याने संताचं नाव घेतलं, यजमानाचं घेतलं, यजमानाच्या आजोबांचं घेतलं. आजोबा युद्धावर निघाले तेव्हा पिशवी वितळू लागली. ते परत येईपर्यंत ती फाटली होती.

"रक्त!" बोरिव्होयेची बायको किंचाळली.

लालभडक धार रादिसावच्या विजारीतून मोज्यात, मोज्यातून जाजमावर!

"रक्त नाही, चेरी आहे!" रादिसाव ओरडला.

"माझ्या चेरी?" मिलुंका ओरडली. "वड्यांसाठी ठेवलेल्या?" आणि मग तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला. पांढराफटक. हातातला राकियाचा पेला तसाच भरलेला. स्लावेला, राकिया, न प्यायलेली! "तिहोमिर, गाडी काढ!"

तालुक्याच्या इस्पितळात डॉक्टर व्हिदा होत्या. वय लेकीएवढं, आवाज फौजदाराचा.

"कधी लागलं, काका?"

"सकाळी."

"आणि आता दिवे लागले! एवढा वेळ काय करत होतात?"

"माझी स्लावा होती."

"माझीही आहे! घरी पाहुणे बसलेत, सासू यजमानीण होऊन मिरवतेय, आणि मी इथे तुमच्या चेरी निवडतेय! दाढ दुखली असती तर गाव गोळा केलं असतंत ना? इथे दुखलं म्हणून लाज? कळ तासाभरात ओसरली तर फडक्यात बर्फ गुंडाळून घरी पडायचं. नाही ओसरली, सूज आली, मळमळलं, तर तडक इथे यायचं! लघवी?"

"तांबूस... मला वाटलं, चेरी."

"चेरी खाल्ल्या होत्या?"

"नाही."

"मग?" व्हिदाबाईंनी सोनोग्राफी केली आणि त्यांचा राग एकदम शांत झाला. ते रादिसावला जास्त भयंकर वाटलं. "आत रक्त साकळलंय. लगेच शस्त्रक्रिया. आणखी उशीर केला असतात, काका, तर दोनाचा एक झाला असता."

रादिसाव आयुष्यात पहिल्यांदा कुणावरही चिडला नाही.

दोन्ही वाचले.

दुसऱ्या दिवशी निम्मं गाव वॉर्डात हजर. स्लावेला आमंत्रण लागत नाही! आणि बाहेरून आरोळ्या आल्या, "वाट सोडा! मला अवघड जागी लागलंय! वाट सोडा!"

चाकाच्या खुर्चीत तिहोमिर होता. बोरिव्होयेचे बाक परत द्यायला निघाला होता. त्याच कुंपणावरून.

व्हिदाबाईंनी तपासलं. "काही नाही, मुका मार आहे. बर्फ लावा, घरी जा. आणि शाबास! लागल्याबरोबर आलात. शिका, काका, यांच्याकडून शिका!"

"तुझ्यामुळेच शहाणा झालो, कुमा," तिहोमिर नम्रपणे म्हणाला.

रादिसावच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. "गाढवा!" तो गरजला, आणि टाके ताणले म्हणून पुन्हा गरजला. "फाटकातून जायला काय झालं होतं तुला?"

सगळे मिलुंकाकडे बघू लागले. तिने डबा उघडला आणि पहिली वडी तिहोमिरला दिली.

"सफरचंदाची आहे," ती म्हणाली. "चेरी संपल्या."