पंखा तेवढा पुसा

नाताळच्या सुट्टीत माझा मेहुणा तानाजी पुण्याहून बायको, पोरं आणि माझ्या सासूबाईंना घेऊन आमच्याकडे शिरूरला हुरडा खायला आला. हुरडा त्यांनी किती खाल्ला माहीत नाही, पण घरभर पसरला भरपूर. गादीखाली शेंगांची टरफलं, बुटात बोरांच्या बिया, आणि भिंतीवर चटणीचे हात. पाहुणे गेले त्याच सकाळी वनमाला (माझी बायको) आपल्या आईला माहेरी, दिंद्रुडला सोडायला निघाली. जाताना म्हणाली, "अहो, पंखा तेवढा पुसा. दुसऱ्या कशाला हात लावू नका. पेटीला तर मुळीच न्हाई."

लोखंडी पेटीत शाईस्ताचा शरारा होता. शाईस्ता म्हणजे समोरच्या गॅरेजवाल्या मैनुद्दीनभाईंची मुलगी. दुसऱ्या दिवशी तिचा निकाह. पाहुण्यांचा स्वयंपाक सांभाळून वनमालाने त्या शराऱ्याला जरीची किनार लावली होती, आणि संध्याकाळी शाईस्ता तो न्यायला येणार होती.

आता पंखाच पुसायचा तर मोबाईलवर एकदा बघून घ्यावं, म्हणून मी व्हिडिओ लावला. (सरकारी कारकून आहे. आधी मार्गदर्शन, मग काम.) त्यात एक बाई अतिशय गोड आवाजात म्हणाली, "डीप क्लीनिंग करताना सगळं सामान आधी घराबाहेर काढा." मला ते एकदम पटलं. वनमाला परत येईल तेव्हा घर आरशासारखं लखलखत असेल, ती दारातच थबकेल, कदाचित रडेलही, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. (रडली. पुढे सांगतो.)

मी सगळं बाहेर काढलं. गाद्या, पातेली, पिठाचा डबा, निळं पिंप, शेगडी, आणि जिला हात लावायचा नव्हता ती पेटीसुद्धा. सगळं रस्त्याकडेच्या लिंबाखाली रचून ठेवलं. शेजारच्या ओट्यावर बसून दिवसभर गल्लीची राखण करणारे आश्रुबा हे सगळं बघत होते.

"भाऊसाहेब, हे काय?"

"निघतंय एकदाचं सगळं!" मी म्हणालो. "ऊन आलं तर जरा सावलीत सरकवा."

त्यांनी मान हलवली, पण चेहरा एकदम उतरला. मी लक्ष दिलं नाही. लुंगी खोचली, नाकाला वनमालाची जुनी ओढणी बांधली आणि स्वयंपाकघरात फिनेलची अख्खी बाटली ओतली.

थोड्या वेळाने बाहेर हॉर्न वाजला आणि कोणीतरी ओरडलं, "सामान हेच का?"

मला वाटलं, आश्रुबांनी सरकवायला कोणाला तरी बोलावलं. "हेच!" मी आतूनच ओरडलो. "उचला!"

"निघायचं ना मग?"

मी शेगडीच्या जागेमागचा, भिंतीवरचा काळा थर घासत होतो. "निघतंय, निघतंय! पण लई घट्ट हाय, घासल्याबिगर निघत न्हाई!"

"आं? तुमी मागून येताव का?"

"तुम्ही व्हा पुढं, मी आलोच!"

फरशी घासून बाहेर आलो, तर लिंबाखाली फक्त लिंबाचा पाला होता. पिठाचा डबाही नाही, पिंपही नाही. इतकं डीप क्लीनिंग त्या व्हिडिओतल्या बाईनेही केलं नसेल.

"सामान कुठंय?"

आश्रुबा डोळे पुसत होते. "गेलं की. मुकादमाच्या ट्रकमधी. म्या सोता हात लावला चढवायला."

"कावून?"

"तुमीच म्हणलाव, उचला! भाऊसाहेब, नोकरी गेली तर सांगायचं तरी. उसतोडीला जायची पाळी आली अन् शेजाऱ्याला पत्ता न्हाई?"

झालं होतं असं. मागच्या गल्लीतला म्हाळू आणि त्याची बायको यंदा उशिरानेच उसतोडीला निघायचे होते. मुकादमाला निरोप होता, 'लिंबाखाली सामान काढून ठेवलंय.' लिंब मागच्या गल्लीतही होता, पण ट्रकला आधी माझा दिसला.

माझ्या डोळ्यांपुढे फक्त पेटी आली. मी तसाच समोरच्या गॅरेजमध्ये धावलो. मोटारसायकल एकच, आणि ती नवरीच्या बापाची.

"बसा, भाऊसाहेब!" मैनुद्दीनभाईंनी किक मारली. "लई किमती हाय का काई?"

"पेटी हाय हो. कपड्यांची."

"तुमचे कपडे?"

"न्हाई."

"मंग वहिनींचे?"

"तसे न्हाईत, पण शिवलेत त्यांनीच."

"मंग कुनाचे?"

"तुम्ही रस्त्याकडं बघा, मैनुद्दीनभाई."

बिचारे सबंध रस्ता मला धीर देत होते. "फिकीर नका करू. आज माझ्या घरी खुशी हाय, कुनाचं वाईट होनार न्हाई." मी ओढणीत तोंड लपवून नुसता हुंकार देत होतो. खरंच इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

गावाबाहेरच्या चहाच्या हॉटेलवर ट्रक उभा दिसला. त्याच्यापुढे एसटीही उभी, आणि एसटीतले सगळे प्रवासी खिडकीतून मान काढून ट्रककडे बघत होते. ट्रकमध्ये, माझ्या गाद्यांच्या ढिगावर, पेटीला मिठी मारून वनमाला बसली होती आणि रडत रडत मुकादमाला झापत होती. परत येताना तिने एसटीतून आपलं निळं पिंप ओळखलं होतं.

"बाई, तुमच्याच नवऱ्यानं उचला म्हणलं!" मुकादम धर्मराज हात जोडून सांगत होता.

तेवढ्यात मी पोचलो. लुंगी, बनियन, नाकाला ओढणी, अंगाला फिनेलचा वास. वनमालाने पेटी उघडली. आत जरीची किनार चमकली. शरारा जसाच्या तसा होता. तिने डोळे पुसले आणि मला हायसं वाटलं.

मैनुद्दीनभाईंनी आत वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "भाऊसाहेब, हे तर आमच्या शाईस्ताचं हाय."

"हो."

"मंजे मघापासून मी तुमाला..."

"हो."

त्यांनी पेटीचं झाकण लावलं. वनमालाला पेटीसकट मागे बसवलं आणि भुर्रकन निघून गेले.

पण निघण्याआधी मुकादमाचं वनमालाशी एक बोलणं झालं होतं. आमच्याकडे उसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, एकट्याला अर्धा. मुकादम तिला म्हणाला, "एसटी थांबवली, ट्रक थांबवला. लई खमक्या हाव बाई! येताव का? अर्धा कोयता लिहितो."

"मला न्हाई जमायचं. ह्यांना न्या," ती म्हणाली.

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नगं. ट्रकमधी जागा न्हाई."

(ट्रक अर्धा रिकामा होता.)

म्हाळूचं सामान न्यायला ट्रक परत फिरायचाच होता. त्यातून, गाद्यांवर बसून, मी गावात शिरलो. सगळ्या पेठेने पाहिलं. एकाने तर 'जपून जा' म्हणून हात केला.

संध्याकाळी शाईस्ता शरारा घेऊन गेली. तो अंगाशी धरून ती अशी हसली की माझेही डोळे भरून आले. (फिनेल असेल.) वनमालाचा रागही बराच उतरला होता. घराची फरशी मात्र अजून ओलीच होती. "वाळू दे जरा," म्हणत तिने पंख्याचं बटन दाबलं.

आणि वर्षभराची धूळ, कोळिष्टकं आणि हुरड्याचं कूस आमच्या दोघांच्या डोक्यावर बदाबदा पडलं. पंखा पुसायचा राहिला होता.

ओट्यावरून आश्रुबांनी विचारलं, "वहिनी, निघालं का समदं?"

"समदं निघालं, आश्रुबा," डोक्यावरची धूळ झटकत वनमाला म्हणाली. "हे तेवढे राहिलेत. मुकादमाला इच्यारलं होतं, पर त्यो बी न्हाई म्हणला."