पिस्तिकोर्वा येतोय!

बायकोला पटवायचं तर आधी सासू खिशात टाकावी, हे इल्मोचं शास्त्र होतं आणि त्यात तो स्वतःला आचार्य समजे! नाताळात त्याने रीनाला शब्द दिला होता, ‘यंदा एकही बंदूक नाही.’ पण योएन्सू गावच्या एका म्हाताऱ्याने युद्धातली, दुर्बीण बसवलेली स्नायपर रायफल विकायला काढली, आणि तो शब्द मार्चातल्या बर्फासारखा वितळला! पोलिसांची परवानगी मिळाली. ती सोपी असते. उरली घरातली.

रायफल गाडीत ठेवून त्याने सासूबाईंना फोन लावला. रीना दवाखान्यात ड्यूटीवर होती आणि सासूबाई, म्हणजे आउनेबाई, नातीला सांभाळायला घरी.

“आई, पिस्तिकोर्वा आणतोय!”

“काय सांगतोस! अगं सायमे, ऐकलंस का?”

मागून पाच वर्षांच्या सायमीने अशी किंकाळी फोडली की इल्मोची गाडी क्षणभर बर्फाच्या ढिगाकडे वळली.

आता घोळ असा, की फिनिश भाषेत पिस्तिकोर्वा म्हणजे उभ्या कानांचा. घरोघरी दिसणारा तो तांबूस, कोल्ह्यासारखा कुत्रा. आणि इल्मोने घेतलेल्या जातीच्या रायफलीलाही फिनलंडात लाडाने हेच म्हणतात, कारण नळीच्या टोकाला, नेम धरायच्या माशीच्या दोन्ही बाजूंना लोखंडाचे दोन कान असतात. सायमी वर्षभर कुत्र्यासाठी हटून बसली होती. इल्मोच्या डोक्यात मात्र दुसरेच कान!

‘सासू एका वाक्यात खिशात!’ तो खूश. थोड्या वेळाने सासूबाईंचाच फोन.

“लहान आहे ना रे?”

“छे! चांगला वयस्कर आहे. पण नजर अशी, की तीनशे मीटरवरचं काही सुटत नाही!”

“पोरीला इजा नाही ना करणार?”

“खांद्याला हिसका देतो जरासा. होते सवय!”

“ओरडतो फार?”

“एकदाच. पण अख्खं गाव ऐकतं!”

“आणि अंघोळ?”

“पाणी अजिबात नाही हां! तेल. दोरीला फडकं बांधायचं, एका टोकातून आत घालायचं आणि दुसऱ्या टोकातून ओढून काढायचं.”



“आणि... झोपणार कुठे?”

“लोखंडी कपाटात! कुलूप लावून. कायदाच आहे तसा.”

फोन धाडकन बंद झाला. ‘भारावल्या बिचाऱ्या!’ इल्मो मनात म्हणाला आणि शीळ घालत घरी पोचला.

दारात सासूबाई बर्फ काढायचं फावडं घेऊन उभ्या. शेजारी सायमी, एका हातात स्वतःची दुलई, दुसऱ्या हातात खिम्याच्या गोळ्यांनी भरलेला वाडगा. इल्मोने डिकीतून घोंगडीत गुंडाळलेलं, ताठ, लांबलचक काहीतरी काढलं.

“आजी,” सायमी कुजबुजली, “मेला का गं तो?”

“कपाटात कोंडतोस काय, कसाया!” फावडं वर गेलं. इल्मोने घाईघाईने घोंगडी सोडली. आतून लाकूड आणि पोलाद निघालं तशी सासूबाईंना हसावं की हाणावं कळेना!

सायमी जवळ आली. तिने नळीच्या टोकाच्या त्या दोन कानांवरून अलगद बोट फिरवलं.

“कान आहेत,” ती म्हणाली. “पण गार आहेत.”

इल्मोने रायफल पुन्हा घोंगडीत गुंडाळली. दुसऱ्या सकाळी गाडी पुन्हा निघाली. येताना सायमीच्या मांडीवर तांबूस पिल्लू, आणि तिची बोटं सारखी त्याच्या कानांशी. “बाबा, हे गरम आहेत!” रीनाने पिल्लाकडे पाहून रायफलीला माफ केलं.

पुढच्या रविवारी जुन्या स्नायपर रायफलींची स्पर्धा. बघायला सासूबाई, आणि पिल्लू घेऊन सायमी. इल्मो ऐटीत आडवा झाला, श्वास रोखला आणि पहिली गोळी झाडली. त्या आवाजासरशी पिल्लू सायमीच्या हातातून निसटलं आणि मैदानात पसार!

“गोळीबार बंद!” पंच ओरडले. रायफली रिकाम्या झाल्या. सायमीने भोकाड पसरलं. तालुक्यातले झाडून सगळे नेमबाज तिपाईवरच्या दुर्बिणींना डोळे लावून कोल्ह्यासारखं पिल्लू शोधू लागले.

“सापडलं गं बाई!” सासूबाईंनी दुर्बिणीतून डोळा काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “शहाणं आहे हो लेकरू! इल्मोच्या निशाणापाशी जाऊन बसलंय. त्याच्याइतकी सुरक्षित जागा अख्ख्या मैदानात नाही!”