वेचलेली बरणी

मंगळवारी सकाळी नुकत्याच पुसलेल्या पायरीवर पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतल्या मावशींचा पाय घसरला. कठडा धरून त्या सावरल्या, पण हातातली बरणी निसटली आणि अकरा पायऱ्या टणाटण उतरून खाली नळाशी जाऊन थांबली. प्लास्टिकची म्हणून फुटली नाही, एवढंच. आठवडाभर वेचून भरलेले मणी, खाली पांढरे, वर काळे, पार एकमेकांत मिसळले होते.

तास दहा मिनिटांवर आला होता. बावीस वर्षं सर दर मंगळवारी नव्या तुकडीपुढे ही बरणी खळखळा हलवत आणि म्हणत, "ही एन्ट्रॉपी. पसारा आपोआप होतो, आवरणं आपोआप होत नाही." ते आपोआप न होणारं मावशी घरी नेत. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की ताट पुढ्यात घेऊन बसत. नवरा जाऊन वर्षं झालेली, मुलगा रविवारी फोन करी. बाकी सहा दिवस बोलायला मणीच. "तू कुठे निघालास पांढऱ्यांत?" असं त्या काळ्यांना दटावत. पांढऱ्यांना जरा सांभाळून घेत.

आता त्यांनी बरणीला वर्तमानपत्र गुंडाळलं.

"कागद कशाला, मावशी?"

"धूळ बसते हो, सर." खोटं बोलायचं नाही हा त्यांचा रोजचा नेम होता. धूळ तर बसतेच.

"आत वर काळे, खाली पांढरे," असं वर्गाला सांगून सरांनी बरणी हलवली, कागद काढला. पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली, "पण सर, आधीचं आम्ही कुठे पाहिलं? आधीच मिसळलेले असले तर?"

"काहीतरीच. मावशी, सांगा हिला."

नेम आडवा आला. "जिन्यावरून पडली, सर. आधीच मिसळलेत."

वर्ग खो खो हसला. सर बरणीकडे बघत राहिले. मग ती पुन्हा हलवली. "काही बदललं?"

"नाही."

उलटी केली. "आता?"

"तशीच."

"वेचलेली बरणी उलटी केली तर लगेच कळतं. ही कशीही फिरवा, सगळीकडून सारखीच. यालाच सममिती म्हणतात. पसारा वाढला तशी सममितीही वाढली." सर खुशीत वळले. "मावशी, इतकी वर्षं मी अर्धाच धडा शिकवत होतो. आता वेचत बसू नका. सुटलात तुम्ही."

त्या संध्याकाळी मावशींनी रिकामं ताट पुसलं, परत पुसलं. एक खुर्ची, एक पेला, एक उशी. घर कुठूनही पाहिलं तरी सारखंच दिसत होतं.

बुधवारी त्या सरांपुढे उभ्या राहिल्या. "शेजारी वेचलेली बरणी नको का? नाहीतर पोरांना फरक कसा कळायचा? यातलेच अर्धे मणी नेते."

"खरंच की. एकदाच वेचा. मग कपाटात ठेवू, कायमची."

मावशींनी जमेल तितकं सावकाश वेचलं, पण सोमवारी शेवटचा काळा मणी बरणीत पडलाच. मंगळवारी त्या जिना चढल्या, अकराव्या पायरीवर थांबल्या, मागेपुढे पाहिलं आणि हात सैल सोडले.

आवाजाने सर बाहेर आले. "पडली?"

"पडली, सर."

सरांनी कोरडा ठणठणीत जिना पाहिला. मग मावशींचे रिकामे हात पाहिले.

"फार निसरडा आहे हा जिना."

मावशी गप्प राहिल्या. नेम मोडायचा नव्हता.

"पुढच्या मंगळवारपर्यंत होईल वेचून?" सरांनी विचारलं.

"होईल की."